लोणारचे विवर आणि संदर्भांची मोजदाद

मेहकरहून लोणारच्या वाटेने निघालात, की वीस-पंचवीस किलोमीटरांत आपण एका प्रचंड विवराच्या काठावर येऊन उभे राहता. रुंदी सुमारे १८०० मीटर, खोली दीडशेच्या आसपास आणि तळाशी खारे पाणी. हे विवर कसे झाले ते आता शाळकरी मुलेही सांगतात. पण ते शोधले कुणी, असे विचारले की उत्तर अडखळते. शास्त्रज्ञाचे काम संदर्भांच्या संख्येवर मोजण्याची आज जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी बोलायला म्हणूनच मी लोणार निवडले आहे.

अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते. 'आइन-ए-अकबरी'त अबुल फजल लोणारची नोंद करतो आणि तिथे काच व साबण करण्याचा माल मिळतो, असे सांगतो. आता, दिल्ली-आग्र्याकडच्या या विद्वानाला हे कळले कुठून? ज्यांनी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कमरेइतक्या चिखलातून खार उपसला, त्यांच्याकडूनच ना शेवटी! डल्ला, पापडी, भुसकी ही खारांची नावे त्यांचीच. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांचा लोणारवरील निबंध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. तो आजही संदर्भाला घेतात. खार उपसणाऱ्यांचा संदर्भ कोण देणार?

याच्या आधीच, १८९६ मध्ये, गिल्बर्ट नावाच्या नामांकित अमेरिकन भूशास्त्रज्ञाने एक मोठी मौजेची गोष्ट केली होती. ॲरिझोनातल्या एका विवराविषयी लिहिताना त्याने आपल्या लोणारचे नाव घेतले. दोन्ही एकाच जातीची, हे त्याने बरोबर ओळखले. पण दोन्ही जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाली, असे ठरवले! उल्का पडली असती तर विवराच्या बुडाशी लोखंड सापडायला हवे, असे त्याचे गणित होते, ते सापडेना. एवढ्या वेगाने आदळणारी उल्का स्वतःच जवळजवळ विरून जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. गिल्बर्टचे वजन असे, की पुढे कितीतरी वर्षे त्याच्या मताला धक्का लावणे अवघड गेले. संदर्भ मोजणाऱ्याला हे दिसत नाही, बरं का! बरोबर मताचा संदर्भ एक आणि चुकीच्याचाही एकच.

१९६० मध्ये ॲरिझोनाच्या विवरात आघाताने बनलेले खनिज सापडले आणि वारे फिरले. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी लोणारबद्दल उल्केचा प्रश्न छापील स्वरूपात मांडला. पुढे विवराच्या तळाला भोके पाडली गेली. वर आलेल्या दगडांत आघाताने वितळलेले तुकडे मिळाले. १९७३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात तो निबंध आला. लेखक चार: फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम. दोघे अमेरिकेतल्या संस्थांचे, दोघे आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे.

योगायोग पाहा. १९६४ मध्येच फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्डने आपली संदर्भसूची बाजारात आणली. निबंधाच्या शेवटी लेखक कुणाकुणाचा आधार घेतला ते लिहितो. गारफिल्डने ही यादी उलटी केली, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा आधार पुढे कुणी घेतला ते सापडू लागले. कल्पना खरोखर उत्तम, आणि हेतू वाङ्मय शोधण्याचा होता. पण शोधण्याचे साधन लवकरच माणसे तोलण्याचा तराजू झाले. त्या जाड छापील खंडांत आधारासाठी घेतलेला निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदलेला असे. म्हणजे १९७३ च्या निबंधाचा आधार कुणी घेतला हे दुबे यांच्या नावाने शोधू गेलात, तर ते तिथे नाहीत! ते 'फ्रेड्रिक्सन व इतर' यांतल्या 'इतर'मध्ये गेले.

२००५ मध्ये हर्श या पदार्थवैज्ञानिकाने आणखी एक आकडा दिला. समजा एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ३०, १२, ५, ४ आणि १ संदर्भ मिळाले. तर किमान चार संदर्भ मिळालेले निबंध चार, म्हणून त्याचा आकडा ४. पहिल्याला ३० ऐवजी ३०० मिळाले तरी आकडा ४ च. हिशेब सोपा आहे, म्हणून निवड समित्यांना आवडतो.

संगणकावरच्या नव्या याद्यांत सगळे लेखक येतात, ही सुधारणा खरीच. पण वाटपाचे काय? आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत संयुक्त निबंधाचे साठ टक्के गुण पहिल्या व पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला आणि उरलेले चाळीस बाकीच्यांत सारखे, अशी रीत घातली होती. ही रीत लोणारच्या निबंधाला लावून पाहिली आणि दोन्ही मान फ्रेड्रिक्सन यांनाच दिले, तर शंभरांतले साठ त्यांचे होतात; आणि दुबे यांच्या वाट्याला येतात तेरा आणि वर थोडे. भोके पाडणाऱ्यांची नावे तर लेखकांच्या यादीतच नाहीत.