अपघाताची एफडी

जुन्या बेळगावच्या आठवणी इथं बऱ्याच येतात. आज थोडा रस्त्याचा इतिहास सांगतो, बँकवाल्याच्या नजरेतून.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर ही सगळी पुणे-बंगळूर हायवेवरची गावं. आमच्या ब्रँचमध्ये एका वेगळ्याच प्रकारच्या एफडी असायच्या. पावती लहान मुलाच्या नावाची, पालक म्हणून आईचं नाव आणि वर शेरा: कोर्टाच्या हुकमाशिवाय मोडू नये, त्यावर कर्ज देऊ नये. वडील अपघातात गेलेले. आई व्याज घ्यायला यायची, सही करून मुकाट्यानं निघून जायची.

त्या पावतीमागं मोठा इतिहास आहे. मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण त्यातला सक्तीचा थर्ड पार्टी विमा लागू झाला १ जुलै १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीनं भरपाईसाठी वेगळी ट्रायब्युनल आली. तरी चूक ड्रायव्हरचीच होती हे सिद्ध करणं घरच्यांच्याच गळ्यात. अपघाताच्या वेळी घरी असलेली बाई काय सिद्ध करणार? शेवटी १९८२ मध्ये, चूक कुणाची हे न बघता मृत्यूला १५,००० रुपये द्यायचं ठरलं. १९८८ च्या नव्या कायद्यात त्याचे २५,००० झाले, १९९४ मध्ये ५०,०००. केरळच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की अज्ञान मुलांची रक्कम सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवावी. पैसा दुसऱ्या कुणी लाटू नये म्हणून.

हे सगळं चांगलंच झालं. पण हे माणूस गेल्यानंतरचं. जखमीला वाचवायचं कसं, याकडं लक्ष फार उशिरा गेलं.

१९८९ चा परमानंद कटारा खटला बघा. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. पोलीस केस म्हणून जवळच्या दवाखान्यानं घेतलं नाही, वीसेक किलोमीटरवर पाठवलं. तो वाटेतच गेला. सुप्रीम कोर्टानं ठणकावलं: आधी उपचार, कागदपत्रं मग.

दवाखान्याचं ठरलं, पण उचलून नेणाऱ्याची भीती राहिलीच. "नको बाबा, उद्या साक्षीला खेटे कोण घालणार?" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ती भीती काढायला मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं ते कलम १३४-अ म्हणून कायद्यात आलं. मदत करणाऱ्यावर केस नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. आपल्या कर्नाटकाचा तर यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आणि २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे.

तरी आकडा बघा. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. हेल्मेट किती रुपयांचं असतं, हे कॉमर्स न शिकलेल्यालाही कळतं.

म्हणून घरातल्या पोरांना दोनच गोष्टी सांगून ठेवा. गाडीला किल्ली लावायच्या आधी हेल्मेट. आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर व्हिडिओ काढत उभं न राहता ११२ ला फोन करायचा, दवाखान्यात पोचवायला हात लावायचा. कायदा आता तुमच्या बाजूनं आहे. तशा एफडी जेवढ्या कमी निघतील, तेवढं बरं.