चुलीवरचं आईस्क्रीम आणि तीन विटांचा गिझर



हायवेवरून जाताना 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरचा चहा' अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतीलच. मग कुणीतरी फोनवर विनोद पाठवतं, "आता फक्त चुलीवरचं आईस्क्रीम राहिलंय!" आपण हसतो. मीही हसतो. पण अशाच एका विनोदाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. म्हणून आज चुलीचा थोडा इतिहास, डॉक्टरच्या नजरेतून.

माझ्याकडे पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी यायच्या. दम लागायचा, सकाळी खोकला. तंबाखू नाही, विडी नाही. मी विचारलं, "मावशी, घरी गॅस आहे ना?" त्या म्हणाल्या, "आहे की. सगळा स्वयंपाक गॅसवरच." मी 'धुराशी संबंध नाही' असं लिहून टाकलं आणि पुढची दोन वर्षं पंपांची औषधं बदलत राहिलो. एक दिवस सोबत आलेले त्यांचे यजमान हसत म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे गिझरपण आहे. तीन विटांचा. फाईव्ह स्टार!" परसात तीन विटा, त्यावर तेलाचा पत्र्याचा डबा, खाली पऱ्हाटी, तुराट्या, कधी जुन्या प्लायचे तुकडे. सहा माणसांचं आंघोळीचं पाणी, रोज पहाटे. फुंकणी घेऊन समोर बसायच्या मावशीच. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

चूल जुनी, धूरही जुना

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे 3000 वर्षांपूर्वीची घरं सापडली. त्या घरांत चुलीही होत्या. म्हणजे 'घरोघरी मातीच्या चुली' ही आपल्याकडची फार जुनी वस्तुस्थिती आहे.

चूल एवढी जुनी, पण तिचा धूर आजार करतो हे वैद्यकाच्या लक्षात यायला खूप वेळ लागला. दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत गेलेल्या 127 रुग्णांचा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध केला. हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, असा तेव्हा समज होता. पण इथे धूम्रपान न करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. संशयाचं बोट कोवळ्या वयापासून त्यांच्या श्वासात जाणाऱ्या चुलीच्या धुराकडे गेलं.

पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळची हवा मोजली. धुळीकणांचं प्रमाण दर घनमीटरला काही हजार मायक्रोग्रॅम निघालं. इथे महत्त्वाचं काय, तर मोजणी गावाच्या हवेची नव्हती. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या हवेची होती.

सुधारलेल्या चुलींची गोष्ट

चूल सुधारायचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1940 च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तकच लिहिलं. 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 पर्यंत तो चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या.

आकडा मोठा, पण आपण मोजल्या चुली, धूर नाही. धुराडी काजळीने तुंबली, माती तडकली, दुरुस्तीला कुणी आलं नाही. नंतर ओडिशात अशाच चुलींचा चार वर्षं पाठपुरावा झाला. पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा उरला नाही. लोक चूल नीट वापरत नव्हते आणि तिची देखभालही होत नव्हती.

गंमत म्हणजे, ज्या डब्या-विटांच्या चुलीला आपण हसतो, तिच्यासारख्याच साध्या सामानातून चांगली चूलही होऊ शकते. 1982 च्या सुमारास अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी 'रॉकेट' चूल मांडली. इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वळणाची नळी, भोवती उष्णता धरून ठेवणारा राखेसारखा थर आणि आत बारीक काटक्या. ही नळी पत्र्याच्या साध्या डब्यांतूनही करता येते. आतली जागा खूप तापते, वर ओढ निर्माण होते, धुराचा बराच भाग आतच जळून जातो. म्हणजे चूल घरगुती आहे हा दोष नाही. अर्धवट जळणारं लाकूड हा दोष आहे.

1 मे 2016 रोजी बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली. 7 सप्टेंबर 2019 ला आठ कोटीवी जोडणी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिली गेली. गॅस घरात आला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण अनेक घरांत चूल गेली नाही, ती फक्त परसात सरकली. माझ्या मावशींसारखी.

"पण डॉक्टर, चूल तर बाहेर आहे!"

हे मी रोज ऐकतो. बाहेर धूर लवकर विरतो, हे खरं. पण फुंकणीने फुंकणाऱ्याचं तोंड धुराच्या उगमापासून हातभर अंतरावर असतं. धुराचे सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे सूज येते, श्वासनळ्या हळूहळू अरुंद होतात. हाच सीओपीडी. गेलेली ताकद औषधाने पूर्ण परत येत नाही, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं.

मग करायचं काय?

- रोजचं पाणी शक्य असेल तर सोलर, वीज किंवा गॅसवर तापवा. एकदम जमत नसेल, तर आधी चुलीसमोर सर्वांत जास्त बसणाऱ्या व्यक्तीचे तास कमी करा.
- चूल पेटवायचीच असेल तर सरपण वाळलेलं आणि बारीक हवं. प्लास्टिक, प्लाय, रंगवलेलं लाकूड कधीच नको.
- वारा पाठीमागून येईल असं बसा. गरोदर बाई आणि लहान मुलं लांब ठेवा.
- थंडीत निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत नेऊ नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेत जीव घेतो.
- दोन महिन्यांहून जास्त खोकला किंवा चालताना दम असेल तर फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या.

मावशींच्या घरी आता सोलर आहे. दम पूर्ण गेला नाही, पण पहाटेचा खोकला कमी झाला. तीन विटा अजून परसात आहेत. हुरड्याच्या दिवसांत पेटतात, वर्षातून चार वेळा. त्याला माझी हरकत नाही. चुलीवरचं पिठलं मलाही आवडतं!

तुम्ही मात्र एक करा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "घरी गॅस आहे का?" विचारलं, तर तेवढ्यावर थांबू नका. आंघोळीचं पाणी कशावर तापतं आणि ते कोण तापवतं, हेही सांगा.