चेतकच्या पोटातलं पाव लिटर

थोडी अतिशयोक्ती करून सांगायचं तर स्कूटर जन्मली ती पॅन्टला तेल लागू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या पिआजिओ कंपनीकडे विमानं बनवायचं काम उरलं नव्हतं. तिने कोराडिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याला स्वस्त दुचाकी आखायला सांगितली. त्याला मोटारसायकल मुळात आवडायची नाही. अवजड, बसायला अवघड, वर चेनचं तेल कपड्यांवर. मग त्याने चेनच काढून टाकली. इंजिन, क्लच आणि गिअर एका बंद पेटीत घातले आणि ती पेटी थेट मागच्या चाकाला जोडली. १९४६ साली व्हेस्पा आली.

हीच गाडी पुढे आपल्याकडे आली. बजाजला १९५९ मध्ये स्कूटर बनवायचा सरकारी परवाना मिळाला, पिआजिओशी करार झाला, तो १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून तीच घडण 'चेतक' नावाने रस्त्यावर धावू लागली. नंबर लावल्यावर गाडी हातात यायला कित्येक वर्षं लागत, कधी कधी दहासुद्धा. इतकी वाट पाहून मिळालेली वस्तू कोणी सहजासहजी दुसऱ्याच्या हातात देत नाही. नौपाड्यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. इथले बरेच लोक वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत कामाला होते. पाना धरायची त्यांना सवय होती, लाज नव्हती. त्यामुळे रविवारी सकाळी घंटाळी, विष्णूनगर, भास्कर कॉलनीतल्या बिल्डिंगांखाली एखादी तरी स्कूटर 'उघडलेली' असायची.

ज्यांनी अ‍ॅक्टिव्हाच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चेतक टू-स्ट्रोक. इंजिनचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण २० मिली, आणि ते जळून निळ्या धुरातून निघून जायचं. गिअरचं ऑईल मात्र वेगळं, जेमतेम पाव लिटर. क्लचसुद्धा त्याच तेलात बुडालेला. क्लचच्या प्लेटांवर बुचाचं अस्तर असायचं. ते झिजून त्याचा भुगा तेलात उतरला, लोखंडाची कीस मिसळली, की मधासारखं तेल काळंकुट्ट होई. गिअर अडकायला लागले की समजायचं, बदलायची वेळ झाली.

बदलायची रीत बाबांकडून शिकलो. आधी पाच-दहा मिनिटं गाडी फिरवून आणायची, कारण गरम तेल पातळ होतं आणि गाळासकट खाली येतं. पाच लिटरच्या कॅनची एक बाजू कापून केलेला पसरट ट्रे पेटीखाली, ट्रेखाली वर्तमानपत्र. पहिल्यांदा वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करायचा, मग खालचा. हा क्रम फार महत्त्वाचा. वरचा बोल्ट जाम निघाला तर निदान पेटी रिकामी होऊन गाडी अडकत नाही, आणि वरून हवा शिरली की तेल गचके न देता एका धारेत पडतं. शेवटच्या वळणाला बोल्ट आतल्या बाजूला दाबून धरायचा आणि झटकन हात बाजूला घ्यायचा, नाहीतर धार मनगटावरून थेट कोपरापर्यंत. वायसर हरवू द्यायचा नाही. नवं तेल पिचकारीने, वरच्या भोकापर्यंत आलं की पुरे. सांडलंच तर वखारीतून आणलेला भुसा टाकायचा आणि झाडून घ्यायचा. हात रॉकेलने, मग कपड्यांच्या पावडरीने.

एवढी सफाई करून ट्रेमधलं काळं तेल जायचं कुठे? मला या इतिहासातली हीच जागा सगळ्यात रोचक वाटते, कारण ती कोणी लिहून ठेवत नाही.

थोडं वाया जात नसे. फाटकाच्या बिजागऱ्यांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडी चौकटींना, कुठे बांधकाम चालू असेल तर सेंट्रिंगच्या फळ्यांना. वंगण हा शब्दच मुळी मोटारीहून जुना. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्यांच्या नातवंडांना तेल फेकणं जिवावर येणारच. उरलेलं मात्र कुंपणाच्या कडेला, मातीत. ओततानाही त्याला शिस्त होती. आमच्या तळमजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, तुळशीकडे नको हं!" तुळशीकडे नको, पण पलीकडे चालेल. माती गिळून टाकायची. डाग दिसला नाही म्हणजे घाण झाली नाही.

मग आवारात फरशी आली, पेव्हर ब्लॉक आले. तेच पाव लिटर आता वर्षभर दिसणारा डाग झालं. सोसायटीच्या फळ्यावर 'आवारात गाडी दुरुस्त करू नये' अशी नोटीस लागली. जे मातीत जायचं ते बादलीभर पाण्याबरोबर गटारात जाऊ लागलं आणि गटारातून नाल्याने ठाण्याच्या खाडीत. त्याच खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून घोषित केलं, २०२२ मध्ये रामसर यादीत घेतलं. दास्कानिओने पॅन्टवरून उचललेलं तेल शेवटी फ्लेमिंगोच्या पायाशी.

कायद्याला हे फार आधी कळलं होतं. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि त्याबद्दलचे नियम १९८९ पासून आहेत. ते लिहिताना डोळ्यांसमोर कारखाने आणि ड्रम होते, विष्णूनगरातला ट्रे नव्हता. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुनं तेल पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी आली आहे. चांगलंच आहे. पण पाव लिटर न्यायला दारात कोणी येत नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन्ही डब्यांत ते बसत नाही.

मी अजून चेतक ठेवली आहे. ऑईल घरीच बदलतो, बाबांच्याच क्रमाने. काळं तेल एका लिटरच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गाळतो आणि वर मार्करने 'जुनं ऑईल' लिहितो, कारण घरात लोक कशालाही सरबत समजतात. पाणी किंवा रॉकेल त्यात मिसळत नाही, मिसळलेलं तेल पुन्हा शुद्ध करायला कोणी घेत नाही. चार वेळा बदललं की बाटली भरते. मग ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये ओततो. हा ड्रम कोण नेतं, नेणाऱ्याकडे प्रदूषण मंडळाची परवानगी आहे का, हे मी त्याला विचारलं होतं. तो हसला, पण कागद काढून दाखवला. आधीच्या गॅरेजवाल्याने दाखवला नव्हता, म्हणून तर इथे येतो.