तुरुंगातून आलेला महापौर

मुंबईत व्हीटी स्टेशनसमोरच्या पालिकेच्या दगडी इमारतीत महापौरांची खुर्ची आहे. खुर्ची मानाची, सत्ता मात्र बेताची. १८८८च्या कायद्यानं कारभाराच्या किल्ल्या दिल्या त्या आयुक्तांच्या हाती. १९३१पर्यंत तर या पदाला ‘मेयर’ असं नावही नव्हतं, पालिकेचे अध्यक्षच म्हणत. ‘महापौर’ हा आपला भारदस्त शब्द सावरकरांचा. पूर्वी मुदतही एकाच वर्षाची असायची. एवढ्यात माणूस करणार तरी काय? हारतुरे स्वीकारायचे, पाहुण्यांचं स्वागत करायचं!

१९४२ साली या खुर्चीवर युसूफ मेहेरअली आले. वय अवघं ३८. एवढा तरुण महापौर मुंबईनं तोवर पाहिला नव्हता. महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा हे गृहस्थ तुरुंगात होते.

घरची सुखवस्तू स्थिती, शिक्षण कायद्याचं. पण चळवळीतल्या सहभागामुळे वकिलीची सनद नाकारली गेली. ३ फेब्रुवारी १९२८ला सायमन कमिशन मुंबईत उतरलं, तेव्हा पोलिसांचं कडं चुकवायला ते आणि त्यांचे सोबती हमालांच्या वेशात बंदरावर पोचले आणि ‘सायमन, परत जा’च्या घोषणा दिल्या. १९३४मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांतही ते होते.

मग आला ऑगस्ट. गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक भरली, तेव्हा यजमान शहराचे पहिले नागरिक मेहेरअलीच होते. ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांनीच सुचवले, असं सांगितलं जातं. आपण त्याला ‘चले जाव’ म्हणतो. ९ ऑगस्टच्या धरपकडीत महापौरही सुटले नाहीत. खुर्चीवर बसून जेमतेम काही महिने झाले होते. त्या वर्षात त्यांनी किती रस्ते बांधले, हे विचारण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सेंट जॉर्जेस रुग्णालयात हलवण्याची तयारी सरकारनं दाखवली. हे रुग्णालय पालिकेच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. मेहेरअलींनी विचारलं, माझ्याबरोबरच्या दोन आजारी कैद्यांचं काय? त्यांनाही तेच उपचार द्या. सरकारनं नकार दिला. मग हेही गेले नाहीत! १९४३मध्ये सुटका झाली, पण प्रकृती ढासळली ती ढासळलीच. तशाही स्थितीत १९४९मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले.

२ जुलै १९५० रोजी ते गेले. वय ४६. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुंबईच्या ट्रॅम, बस, लोकल थांबल्या. गिरण्या थांबल्या, दुकानं, शाळा थांबल्या. शेअर बाजारसुद्धा काही मिनिटं गप्प उभा होता.