सिंथेसायझर : यंत्ररूप व संगणकीय

सिंथेसायझर : विद्युत् संकेतांपासून संगीतोपयोगी ध्वनी निर्माण करणारे वाद्य. यात आंदोलक मूळ स्वर निर्माण करतो, छानक त्यातील काही कंप्रता गाळून ध्वनीचा गुण बदलतो व विवर्धक त्याचा चढउतार ठरवितो. ही कार्ये स्वतंत्र यंत्रात, तशीच संगणकाच्या आज्ञावलीनेही करता येतात. या दोन प्रकारांचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे वादकाच्या हाती कितपत नियंत्रण राहिले, याचाच इतिहास होय.

दोन्ही प्रकारांचा उदय जवळजवळ एकाच वेळी झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकाकडून १७ सेकंदांची रचना वाजवून घेतली. त्याच सुमाराचा आरसीए कंपनीचा मार्क २ हा सिंथेसायझर छिद्रित कागदी पट्टीवरील सूचनांनुसार चाले. दोहोंतही रचनाकाराला आधी सूचना लिहाव्या लागत व ध्वनी मागाहून ऐकू येई.

ही स्थिती १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांच्या विद्युत् दाबनियंत्रित यंत्राने पालटली. यात दाब एक व्होल्टने वाढविला की स्वर एक सप्तक चढे. घुंडी फिरविताच ध्वनी बदले. डॉन बुक्ला यांनी याच काळात परिचित स्वरपट्ट्यांऐवजी स्पर्शाने चालणाऱ्या पट्टिका योजल्या. १९७० च्या मिनीमूगमध्ये प्रत्येक कार्याला स्वतंत्र घुंडी वा कळ होती आणि स्वर वाकविण्यासाठी डाव्या हाताशी चाक होते. मात्र त्याला स्मृती नव्हती. साधलेला ध्वनी पुन्हा मिळविण्यासाठी घुंड्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत.

ही उणीव सूक्ष्मप्रक्रियकाने दूर केली. डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट–५ (१९७८) मध्ये ४० ध्वनी साठविता येत. स्मृती आल्यावर घुंड्यांची गरज कमी भासू लागली. जॉन चौनिंग यांच्या कंप्रता-विरूपण पद्धतीवर आधारित यामाहा डीएक्स७ (१९८३) मध्ये घुंड्या जवळजवळ नाहीशाच झाल्या. शंभराहून अधिक मूल्ये बटणे व एका सरकत्या पट्टीने एकेक करून बदलावी लागत. परिणामी अनेक वादक तयार ध्वनींवरच विसंबले. त्याच वर्षी आलेल्या मिडी या संकेतप्रणालीने नियंत्रण व ध्वनिनिर्मिती परस्परांपासून वेगळी केली. तीत सामान्यतः घुंडीची हालचाल ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत मोजली जाते. त्यामुळे संथ बदलात कधीकधी या पायऱ्या कानाला जाणवतात.

स्टाइनबर्ग कंपनीची व्हीएसटी योजना (१९९६) व प्रोपेलरहेडची रीबर्थ ही आज्ञावली (१९९७) यांच्या काळापासून घरगुती संगणकावर सिंथेसायझर चालू लागले. खर्च घटला, एकाच वाद्याच्या अनेक प्रती एकाच वेळी वाजविता येऊ लागल्या व संपूर्ण मांडणी जतन होऊ लागली. तथापि माउसने एका वेळी एकच घुंडी हाताळता येते. शिवाय सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने २५६ नमुन्यांचा साठा भरण्यास सु. ६ सहस्रांश सेकंद लागतात. साठा वाढविल्यास पट्टी दाबणे व स्वर ऐकू येणे यांतील अंतर वादकास खटकते. संचालन प्रणाली बदलल्यास आज्ञावली निकामी होण्याचाही धोका असतो. जुने यंत्र मात्र सुटे भाग मिळाल्यास दुरुस्त करता येते.

क्लाव्हिया कंपनीच्या नॉर्ड लीड (१९९५) या वाद्यात आत अंकीय गणन व बाहेर भरपूर घुंड्या होत्या. मूळ प्रश्न केवळ ध्वनीच्या दर्जाचा नसून हाताच्या सोयीचाही आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे मिनीमूग (२०१६) सारखी जुनी यंत्रे पुन्हा निर्माण करण्यात आली, तर आज्ञावलींसाठी घुंड्यांचे स्वतंत्र फलक वापरात आले.

भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्रासह ध्वनिशाळा उभारली. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत दहा राग रोलँड यंत्रांवर सादर केले. त्यांतील टीबी–३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. स्थिर स्वरांच्या हार्मोनियमवर मींड घेता येत नाही, हा त्या वाद्यावरील जुना आक्षेप. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात त्याला बंदी होती. त्यामुळे भारतीय संगीताच्या दृष्टीने वाद्य यंत्ररूप आहे की संगणकीय, यापेक्षा दोन स्वरांमधील जागा वादकाच्या बोटाला मिळते की नाही, हाच खरा निकष ठरतो.