होळकरांची ड्यूसेनबर्ग : मोल आणि जीर्णोद्धार

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) (१९०८–१९६१) यांच्या रसिकतेचा विषय निघाला की माणिकबाग राजवाड्याचे नाव प्रथम येते. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत तो सिद्ध केला. त्याच आधुनिक अभिरुचीचा दुसरा आविष्कार म्हणजे महाराजांची ड्यूसेनबर्ग मोटार.

अमेरिकेतील इंडियानापोलिसची ड्यूसेनबर्ग कंपनी प्रायः केवळ चासी व इंजिन विकत असे. १९२८ साली अवतरलेल्या ‘जे’ जातीच्या मोटारीच्या नुसत्या चासीची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. तीवर गिऱ्हाइकाने मनपसंत कारागिराकडून बॉडी चढवून घ्यावयाची. १९३५ च्या सुमारास महाराजांनी हे काम लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडे सोपविले. सुपरचार्जरयुक्त ‘एसजे’ जातीचे हे इंजिन ३२० अश्वशक्तीचे. बॉडी लांबलचक बॉनेटची, नारिंगी व काळ्या रंगाची. कालांतराने ही मोटार अमेरिकेत गेली.

अशा एकमेवाद्वितीय वाहनाचे मोल कशावर ठरते? केवळ झळाळीवर खचित नव्हे. चासी, इंजिन आणि बॉडी जन्मापासून एकत्र आहेत काय, मालकांची परंपरा अखंड आहे काय, हे लिलावगृहे प्रथम पाहतात. अभिनेते गॅरी कूपर यांची १९३५ ची ‘एसएसजे’ ड्यूसेनबर्ग २०१८ साली कॅलिफोर्नियात २ कोटी २० लाख डॉलरला गेली, ती अशाच गुणांवर. त्या जातीच्या मोटारी दोनच घडल्या होत्या.

जीर्णोद्धाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या बॉडीचा लाकडी सांगाडा कुजतो, पत्रा झिजतो, कातडे तडकते. सारे नवे केले तर मोटार देखणी होते. परंतु मूळ कारागिराच्या हाताची खूण पुसली जाते, आणि गेलेला मूळ रंग पुन्हा मिळत नाही. म्हणूनच ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत नूतनीकरणापेक्षा जतनास अग्रक्रम दिला असून, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी असे म्हटले आहे.

ही शिकवण मोटारीपुरती नाही. माणिकबागेतील बहुमोल फर्निचर १९८० साली मोनॅको येथील लिलावात विकले गेले. इंदूरच्या या कलावैभवाचा मोठा भाग आज परदेशी संग्रहांत पाहावा लागतो. वस्तू दूर गेल्या तरी त्यांची वंशावळ सांगणारी बिले, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि जुनी वृत्तपत्रे यांची किंमत कमी होत नाही. उलट वस्तूची सत्यता सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडते. एखादे पिवळे पडलेले पान रद्दीत जाते, तेव्हा त्या वस्तूच्या इतिहासाचा एक दुवाही कायमचा निखळतो. अशी पाने सांभाळणे हे गावोगावच्या ग्रंथालयांचे कर्तव्य होय.