१३ जून : नेपाळचा नवा नकाशा

१३ जून २०२० रोजी काठमांडूत नेपाळच्या प्रतिनिधी सभेने घटनादुरुस्ती मंजूर केली. कालापानी, लिपुलेख व लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा त्यामुळे घटनेतल्या राजचिन्हात आला. हजर असलेल्या सर्व २५८ सदस्यांनी बाजूने मत दिले. भारताने हा दावा फेटाळला.

एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष त्या दिवशी एक झाले. समोर भारत होता ना! पण खरी मेख वेगळीच. नकाशा घटनेत गेल्याने तो बदलायला आता दोनतृतीयांश बहुमत हवे. सीमेवर तडजोड करू पाहणाऱ्या पुढच्या प्रत्येक पंतप्रधानाचे हात आधीच बांधले गेले. तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्या सरकारने आणलेला हा नकाशा शंभराच्या नोटेवर छापायचा निर्णय २०२४ मध्ये प्रचंड यांच्या सरकारने घेतला.